पाच कापडं

दवाखान्याच्या विहिरीनं त्या उन्हाळ्यात तळ दाखवला, आणि त्याच आठवड्यात धाकटी सिस्टर कामावर रुजू झाली. दोन्ही गोष्टी एकदम घडल्या, एवढंच. पण पुढे लोकांनी त्यांची सांगड घातली ती घातलीच. लोकांना काय, तोंड रिकामं राहिलं की चैन पडत नाही.

दवाखाना गावाच्या कडेला होता. तीस खाटा, पत्र्याचं छप्पर, मागे आवार. त्यातल्या बारा खाटा बायकांच्या वॉर्डात. विहीर आटल्यापासून दिवसातून एकदा पाण्याचा टँकर यायचा, तोही त्याच्या मर्जीनं. कधी सकाळी नऊला, कधी भर दुपारी. आला की तासभर थांबायचा, आणि ज्याला जे धुवायचं ते त्या तासात उरकून घ्यावं लागे. तयार पॅड वरून यायचे बंद झाले होते. म्हणून जुन्या चादरी फाडून, उकळून बाळंतिणींसाठी कापडं केली होती. ती बदलायची, धुवायची आणि आवारातल्या दोरीवर वाळत घालायची, हे सगळं काम मावशीकडे होतं.

मावशी म्हणजे वॉर्डातली मदतनीस. अशा बायकांना सगळेच मावशी म्हणतात, पण हिला दवाखान्याबाहेरही दुसरं नाव उरलं नव्हतं. एकोणीस वर्षं ती रोजंदारीवर होती. भांडी उचलली, पाठी चोळल्या, मेलेल्यांना आंघोळी घातल्या. यंदा कायम करायच्या माणसांची यादी वर गेली होती आणि तिच्यात पहिल्यांदाच तिचं नाव होतं. ती यादीची गोष्ट मोठ्यानं कुणाशी बोलत नसे. दृष्ट लागेल म्हणून नव्हे. हसं होईल म्हणून.

आणि धाकटी सिस्टर तिची सख्खी मुलगी. नर्सिंगच्या परीक्षेत पहिली आलेली. सहा महिने तिचं काम बघून अहवाल जायचा होता आणि मगच ती पक्की होणार होती.

रुजू व्हायच्या दिवशी सकाळी धाकटीनं पांढऱ्या बुटांच्या नाड्या बांधता बांधता विषय काढला.

"आई, वॉर्डात मला घरच्यासारखी हाक मारायची नाही हं."

"मग काय म्हणू?"

"सिस्टर."

"बरं. आणि तू मला?"

"मावशी. सगळे म्हणतात तेच."

ओट्यावर बापाचं पाय चोळणं चाललं होतं. तो गवंडी. अर्ध्या गावाच्या भिंती त्यानं उभ्या केलेल्या, पण आता गुडघ्यानं दावा मांडला होता. तो म्हणाला, "म्हणजे आजपासून मी तुझा काका झालो म्हणायचा."

तिघंही हसली. धाकटी सगळ्यात कमी हसली.

घराच्या मागे गवंडी तिच्यासाठी एक खोली बांधत होता. दिवसाला दोन थर, गुडघा म्हणेल तेवढे. विटांचा थर झाला की ओळंबा सोडायचा, एक डोळा मिटून दोरीकडे बघायचा, आणि मग तळहात भिंतीवरून फिरवायचा. ओळंबा सरळ सांगत असला तरी हात फिरवल्याशिवाय तो पुढची वीट ठेवत नसे.

दवाखान्यात धाकटीसोबत आणखी एक नवी मुलगी लागली होती. जाड चष्म्याची. अभ्यासात ती बेताची, पण जीभ अशी की डॉक्टरही क्षणभर थांबून बोलायचे. चष्मेवालीला येत नसलं तरी येतंय असं वाटायचं, आणि धाकटीला येत असलं तरी येत नाही असं वाटायचं. फरक तेवढाच होता. पण वॉर्डात तेवढा फरक फार होतो.

पहिल्याच आठवड्यात एका म्हातारीला सलाईन लावायचं आलं. रबराच्या हाताला धाकटीनं शंभर वेळा सुई टोचली होती. रबराचा हात ओरडत नाही, हलत नाही, तोंडाकडे बघत नाही. म्हातारी मात्र सारखी तोंडाकडे बघत होती. पहिली टोचणी गेली. दुसरी गेली. तिसरीला म्हातारी म्हणाली, "बाई, भोकं पाडायची असतील तर कानाला तरी पाड."

आजूबाजूच्या खाटा हसल्या. धाकटीनं चौथ्यांदा सुई उचलली, पण कुठे टोचायची ते कळेना. मावशी म्हातारीचं मनगट धरून उभी होती. फक्त तिचं बोट कोपराच्या खाली, बाहेरच्या बाजूला एका जागी हळूच दोनदा टेकलं. धाकटीनं तिथे सुई घातली आणि रक्त नळीत आलं.

हे चष्मेवालीनं पाहिलं. दुपारच्या चहाला ती म्हणाली, "तुझं बरं आहे बाई. शिरा दाखवायला घरूनच माणूस आणलंयस."

मोठ्या सिस्टर तिथेच हजेरी लिहीत होत्या. मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख. अहवालावर सही त्यांचीच जाणार होती. मान वर न करता त्या म्हणाल्या, "प्रमाणपत्र नक्की कुणाच्या नावावर आहे, तेवढं एकदा बघून घ्या."

त्या तशा वाईट नव्हत्या. उन्हाळ्यानं आणि पाण्यानं कावलेल्या होत्या. पण ते वाक्य धाकटीच्या काळजात रुतलं. चहा तसाच टाकून ती औषधांच्या खोलीत गेली आणि तिथल्या बाटल्या उगाच इकडच्या तिकडे करत बसली.

संध्याकाळी घरी आल्या आल्या तिनं मावशीला गाठलं. "वॉर्डात मला काही दाखवायचं नाही. काही सांगायचं नाही. मी विचारलं तरच बोलायचं."

"कापडं किती झाली तेसुद्धा नाही का सांगायचं?" एकोणीस वर्षं मावशीची ती रीतच होती. कापड बदललं की जाता जाता नर्सला आकडा सांगायचा, "दोन झाली सिस्टर," "तीन झाली सिस्टर." नर्स तो कागदावर लिहून घ्यायची.

"काही नाही. मी बादलीत बघेन आणि लिहीन. तेच नियमात आहे."

मावशीनं तिच्याकडे जरा वेळ बघितलं. मग "बरं" म्हणाली आणि पाय धुवायला गेली. तांब्याभर पाण्यात तिनं दोन्ही पाय धुतले.

मागे गवंडी सकाळी रचलेला विटांचा थर उतरवत होता. धाकटीनं विचारलं, "सरळ तर दिसतोय. का पाडता?"

"हाताला फुगीर लागतोय."

"लोक बघतायत बाबा. स्वतःचंच काम मोडायला लाज नाही वाटत?"

"आत्ता मोडलं तर लाज शेजाऱ्यापुरती," गवंडी वीट खरवडत म्हणाला. "छप्पर पडलं की गावभर." मग तो हसला आणि म्हणाला, "आणि तुझ्याच डोक्यावर पडेल. मी तर ओट्यावर झोपतो."

तो सहज बोलला होता. धाकटीनंही ते सहजच ऐकलं आणि सोडून दिलं.

तिसऱ्या आठवड्यात ऊन इतकं चढलं की वॉर्डातल्या खाटांचे लोखंडी गज हाताला चटके देत. बाहेर ताप आणि उलट्यांच्या माणसांची रांग फाटकापर्यंत गेलेली. डॉक्टर एकटेच, तिकडे अडकलेले. मोठ्या सिस्टर पाण्याच्या तक्रारीसाठी कचेरीत गेल्या होत्या. वॉर्ड धाकटी आणि चष्मेवालीवर होता.

सकाळी नऊच्या सुमारास शिंप्याची सून बाळंत झाली. दुसरं बाळंतपण. मुलगा झाला, रडलाही ठणठणीत. डॉक्टर येऊन बघून गेले, सगळं ठीक म्हणाले. शिंपिणीला वॉर्डात खिडकीजवळची खाट दिली. तिची सासू उशाशी बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होती. एवढी खूश होती की येणाऱ्या जाणाऱ्याला नातवाचं नाक दाखवत होती.

बाळंतिणीवर नजर ठेवायचं काम धाकटीचं. दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, पोट, कापड. नेमानं ती प्रत्येक फेरी करत होती. त्यात तिनं कसूर केली असं कुणाला म्हणता येणार नाही. अक्षरही तिचं मोत्यासारखं. कागद बघून कुणालाही वाटावं, काय मुलगी आहे.

अडलं ते पोटापाशी. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळून हाताला चेंडूसारखं घट्ट लागायला हवं. सैल पडलं तर रक्त थांबत नाही. पुस्तकात ते चित्रासकट होतं. दहा वाजताच्या फेरीला धाकटीनं बेंबीखाली हात दाबला. घट्ट होतं? असावं. की सैल होतं? तिला कळेना. पुन्हा दाबलं. शिंपीण विव्हळली. सासू म्हणाली, "हळू गं बाई." समोरच्या खाटेजवळ चष्मेवाली सुई भरत उभी होती, आणि तिचा चष्मा इकडेच वळलेला होता.

कापडं मावशी बदलत होती. तिच्याकडे नुसतं बघितलं असतं तरी काम झालं असतं. मावशी त्या क्षणी खाटेच्या दुसऱ्या बाजूलाच होती. धाकटीनं बघितलं नाही. कागदावर लिहिलं: पोट घट्ट.

साडेदहाला टँकरचा भोंगा वाजला. मावशीनं बादली उचलली. बादलीत शिंपिणीची तीन कापडं होती. पाणी गेलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत बाळंतिणींना कापड उरणार नाही, म्हणून ती धावतच मागे गेली, तीनही कापडं चोळून काढली, दोरीवर टाकली, आणि मोकळी बादली पुन्हा खाटेखाली आणून ठेवली. त्यानंतर एक कापड बदललं. मग आणखी एक.

हे पाचवं कापड उचललं तेव्हा ती थांबली. तिनं ते तळहातावर घेऊन जरा वरखाली केलं. तिला लिहिता येत नव्हतं, सहीला अंगठा. पण एकोणीस वर्षांत हातात किती कापडं आली असतील त्याला गणती नाही. हे जड होतं. शिवाय ही इतक्या लवकर पाचवी वेळ होती.

ती टेबलापाशी आली. धाकटी नुकतीच फेरी करून आली होती. बादलीत डोकावून, दोन कापडं मोजून, त्याप्रमाणे ती लिहीत होती. चष्मेवाली बाजूला बसलेली. दोन नातेवाईक औषधाची चिठ्ठी घेऊन उभे.

"सिस्टर," मावशी म्हणाली.

"काय?"

"जरा खिडकीच्या खाटेकडे..."

चष्मेवालीच्या ओठांचा कोपरा हलला. नुसता हलला, बोलली काही नाही. पण तेवढं पुरलं.

"मावशी, मी आत्ताच बघून आलेय," धाकटीनं आवाज चढवला. "नाडी घेतली, दाब घेतला, पोट बघितलं, कापडं मोजली. तुम्ही तुमचं काम करा. मला माझं करू द्या."

दोन्ही नातेवाईकांनी मावशीकडे बघितलं. लुगडं कमरेला खोचलेली, कोपरापर्यंत ओली बाई. बाहेर टँकरवाला दुसरा भोंगा देत होता; निघायची खूण.

"बरं, सिस्टर," ती म्हणाली आणि बादली घेऊन आवारात गेली.

तिनं तेव्हा ओरडायला हवं होतं. ती मुलीला सगळ्यांसमोर दोन शब्द सुनावू शकली असती, तिचा हक्कच होता. पण मुलीची अब्रू राखायची म्हणून तिनं जीभ आवरली. त्या घरात एकमेकांना जपण्याची ही अशी तऱ्हा होती.

पुढच्या फेरीला नाडी एकशेचार लागली. धाकटीनं मनाशी म्हटलं, ऊन आहे, दमलीय. सासू म्हणाली, "सारखी जांभया देतेय बघा. आणि पाणी मागतेय."

"झोपू द्या त्यांना," धाकटी म्हणाली.

दहा मिनिटं झाली असतील, नसतील. सासूचा पुठ्ठा खाली पडला. "अहो सिस्टर! हिचे ओठ बघा! ओठ बघा हिचे!"

धाकटीनं चादर उचलली. खालची गादी भिजून गेली होती. नाडी बोटाखाली सापडेना. पोटावर हात ठेवला आणि या वेळी तिला बरोबर कळलं. मळलेल्या कणकेसारखं सैल लागत होतं. तिला पुस्तकाचं पान आठवलं, पानाचा क्रमांकसुद्धा आठवला, पण हात काही केल्या पुढे होईना.

"आई!" ती ओरडली. "आई गं, इकडे ये!"

सगळ्या वॉर्डानं ऐकलं.

मावशी तशीच ओल्या हातांनी धावत आली. एकदा बघितलं आणि मूठ पोटावर ठेवून चोळायला लागली, जोरात, दया न करता. "डॉक्टरांना बोलवा कुणीतरी. आणि तू सलाईन काढ. रडू नकोस. सुई घे."

चष्मेवाली डॉक्टरांकडे पळाली. धाकटीनं सुई घेतली, शिंपिणीचा थंड पडलेला हात घेतला, आणि पहिल्याच टोचणीत शीर लागली. कुणी बोट टेकवलं नव्हतं.

डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, दुसरं सलाईन लागलं. रक्त जायचं कमी झालं, थांबलं नाही. दवाखान्याच्या गाडीतून शिंपिणीला दोन तासांवरच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. गाडीत धाकटी तिच्या पोटावर मूठ दाबून बसली होती. मूठ तिनं सारा रस्ता काढली नाही. उतरल्यावर तिची बोटं उघडेनात.

शिंपीण वाचली. पण गर्भाशय काढावं लागलं. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

पाच दिवसांनी वरून दोन साहेब चौकशीला आले. डॉक्टरांच्या छोट्या खोलीत टेबलावर धाकटीचा कागद पसरलेला. खुर्च्या चारच होत्या, त्यामुळे धाकटी कपाटाला टेकून उभी होती आणि मावशी दाराशी.

"इथे दोन कापडं लिहिलीत," एक साहेब म्हणाले. "मोठ्या सिस्टर कचेरीतून आल्या तेव्हा त्यांना याच खाटेची आणखी तीन मागे दोरीवर दिसली. म्हणजे पाच. पाच लिहिली असती तर डॉक्टरांना अर्धा तास आधी बोलावलं गेलं असतं. हो की नाही?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

"मग तीन गेली कुठे?"

कागदावर आकड्याच्या वरच्या ओळीत तिच्याच अक्षरात होतं: पोट घट्ट. त्या ओळीबद्दल अजून कुणी विचारलं नव्हतं. सगळे कापडांच्याच मागे होते.

"साहेब, मी सांगते," दारातून मावशी म्हणाली. "टँकर आला होता. मी तीन धुऊन टाकली आणि सांगायला विसरले."

"सिस्टरांनी विचारलं नाही?"

"विचारलं होतं. किती झाली म्हणून विचारलं होतं. मीच दोन म्हणाले."

मोठ्या सिस्टरांनी मावशीकडे बघितलं. एकोणीस वर्षांत या बाईचा आकडा एकदाही चुकला नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनाही एक नर्स गमावून परवडण्यासारखं नव्हतं.

साहेबांनी धाकटीला विचारलं, "हे असंच झालं ना, सिस्टर?"

आता बोलायचं होतं. एकच वाक्य होतं: त्या सांगायला आल्या होत्या, मी हाकललं. धाकटीला ते वाक्य पाठ होतं. पाच दिवस ती तेच घोकत होती. तिनं मावशीकडे बघितलं. मावशी तिच्याकडे बघत नव्हती, टेबलाच्या पायाकडे बघत होती.

"हो," धाकटी म्हणाली.

साहेबांनी लिहून घेतलं. मावशीचा अंगठा घेतला. शाईची डबी सुकलेली होती, म्हणून मोठ्या सिस्टरांनी त्यात दोन थेंब पाणी टाकलं.

त्या संध्याकाळी मायलेकी पहिल्यांदाच दवाखान्यातून बरोबर चालत आल्या. घरी गवंडी भिंतीपाशी होता. त्यानं दोघींची तोंडं बघितली आणि थापी खाली ठेवली.

"उद्यापासून तुमच्या हाताखाली माल कालवायला येते," मावशी म्हणाली. "यादीतून नाव गेलं आणि कामावरूनही काढलं."

गवंड्यानं हात झटकले. मग म्हणाला, "माझ्याकडे कायम करून घ्यायची सोय नाही बरं का." आणि तोंड फिरवून उगाच थापी पुसायला लागला.

धाकटी जी रडायला लागली, तिला थांबवता येईना. "मी उद्या जाऊन सांगते साहेबांना. सगळं खरं सांगते."

"काय सांगशील? मग दोघींचंही जाईल. एकीचं तरी राहू दे."

"तुझी एकोणीस वर्षं गेली आई."

"माझी झाली ना वर्षं. तुझी व्हायचीत." मावशी विटेवर बसली. "मला एक सांग. दहाच्या फेरीला पोट हाताला कसं लागलं होतं?"

धाकटीनं नाक पुसलं. "कळलं नाही मला."

"मग घट्ट लिहिलंस कसं?"

"कळलं नाही, असं कुठे लिहितात का आई कागदावर?"

मावशीला आतापर्यंत राग आला नव्हता. तो आता आला. "लिहीत नाहीत. विचारतात. मला विचारायची लाज वाटत होती तर मोठ्या सिस्टरांना विचारायचं, डॉक्टरांना विचारायचं, त्या चष्मेवालीला विचारायचं. ती हसली असती. हसून काय भोक पडतं अंगाला?" मग तिचा आवाज उतरला. "आणि मीही कशाला 'बरं' म्हणाले, देव जाणे. जा, तोंड धू. पाणी बेतानं घे."

दुसऱ्या दिवशी धाकटी कामावर गेली. साहेबांकडे गेली नाही. पुढच्या आठवड्यात जाऊ, असं तिनं ठरवलं. पुढच्या आठवड्यात वॉर्डात तापाचे नऊ रुग्ण आले. मग आणखी काही आलं. न बोललेली गोष्ट दिवसागणिक जड होत जाते आणि शेवटी उचलतच नाही.

काम मात्र तिला येऊ लागलं. खरंच येऊ लागलं. पहिल्याच टोचणीत शीर लागू लागली. मावशीच्या जागी आलेल्या नव्या बाईला ती प्रत्येक वेळी थांबवून विचारायची, "किती झाली? हातात धरून बघा. जड लागतंय का?" पोटाबद्दल शंका आली की सरळ मोठ्या सिस्टरांना हाक मारायची, चष्मेवालीसमोर. चष्मेवालीही मग तशीच हाक मारायला लागली. सहा महिन्यांनी अहवालावर सही झाली. शेरा होता: कामात अत्यंत दक्ष.

त्या दिवशी चष्मेवालीनं मनापासून तिचा हात दाबला. "एक बोलू? मावशी गेल्या ते तुझ्या पथ्यावरच पडलं बघ. एकटी कशी ताठ उभी राहिलीस."

धाकटी हसली. काय करणार?

मग एका सकाळी लशीच्या रांगेत शिंपीण दिसली. सुकलेली, पण चालत आलेली. बाळ अंगानं चांगलं भरलं होतं. धाकटीनं बाळाची मांडी धरली, सुई टोचली. ते रडायचं सुद्धा विसरलं.

"तुमचा हात किती हलका हो, सिस्टर," शिंपीण म्हणाली. मग जवळ सरकली. "मला सासूबाईंनी सगळं सांगितलंय. गाडीत तुम्ही मूठ काढली नाही म्हणून मी आहे. नाहीतर त्या मावशीनं मारलंच होतं मला. असल्या बायका ठेवतात कशाला? बरं झालं, काढली."

मागे रांग होती. सासू मान डोलवत होती. धाकटीच्या तोंडात ते जुनं वाक्य आलं, अगदी ओठांपर्यंत आलं.

"दोन दिवस ताप येईल," ती म्हणाली. "घाबरू नका. अंगावरचं पाजत राहा."

घरी आली तेव्हा खोलीच्या भिंती पूर्ण झाल्या होत्या आणि मावशी आतून गिलाव्यावर पाणी मारत होती. सिमेंटनं तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. दवाखान्याबद्दल ती कधी विचारत नसे. वॉर्डातलं एखादं माणूस रस्त्यात दिसलं तर दुसऱ्या बाजूनं जायची. पण त्या दिवशी तिनं हातातलं डबडं खाली ठेवलं.

"आज लशीचा दिवस होता ना? शिंप्याची सून आली असेल."

"आली होती."

"बाळ?"

"वजन छान वाढलंय."

"आणि ती?"

"बरी आहे. चालत आली." धाकटीनं बूट काढले. आईचा चेहरा अजून तिच्याकडेच होता, पुढचं ऐकायला थांबलेला. आणि तो तसा बघून तिला राहवलं नाही. "तुझी आठवण काढत होती."

"माझी?" मावशीचे डोळे एकदम मोठे झाले. "काय म्हणाली?"

"म्हणाली, मावशींचा हात किती हलका. म्हणाली, त्या दिवशी मावशी धावत आल्या म्हणून मी वाचले."

मावशीनं दोन्ही तळहात बघितले, मग लुगड्याला पुसले. "अशी म्हणाली? बघ, आणि मला वाटत होतं..." ती हसत होती. सहा महिन्यांत ती अशी हसली नव्हती. मग तिनं ओट्याकडे तोंड करून हाक मारली, "अहो, इकडे या जरा. ऐका ही काय सांगतेय. सांग गं, सांग यांना. ती काय म्हणाली ते सांग पुन्हा."

गवंडी गुडघा धरत दाराशी आला आणि चौकटीला टेकून उभा राहिला.

धाकटीनं पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून, शब्दाला शब्द. आवाज एकदाही हलला नाही.